जेठाचं घमेलं

“मन्हा घरनी आग आंगनमाच राही, मंग देव रागावो का जेठ,” असं यशोदाबाई एकदा म्हणाली होती, आणि गल्लीनं ते तिच्या उद्धटपणाचा पुरावा म्हणून जपून ठेवलं.

तिचा नवरा हिलाल तीस वर्षं धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाऱ्यात उभा राहिला. रुईची धूळ छातीत बसली ती बसलीच. आता साठीत नाकाला नळी आणि खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन. मशीन विजेवर चालायचं आणि वीज मनाची मालकीण. थंडीत पहाटे अख्खं गाव आंघोळीच्या पाण्यात कॉइल सोडायचं, डीपीवरचा फ्यूज उडायचा, आणि वायरमन चहा-बिडी उरकून नऊला उगवायचा. घरात मशीनवरचा माणूस आहे, असा अर्ज यशोदाबाईनं वीज कचेरीत दोनदा दिला. साहेबानं मान वर न करता विचारलं, “मग इन्व्हर्टर का नाही घेत?” घरी पोहोचेपर्यंत ती दातओठ खात होती.

वीज गेली की भिंतीला बांधलेला ऑक्सिजनचा सिलिंडर. त्याची चावी कशी फिरवायची ते दवाखान्यातल्या मिसबाह सिस्टरनं तिला शिकवलं होतं. “मावशी, ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण जे पेटतं त्याला असा भडकवतो, की तुम्ही बादली उचलेपर्यंत गोधडी संपलेली असेल. बिडी नाही, दिवा नाही, शेगडी तर नाहीच नाही. चावी घट्ट झाली तरी तेलाचं बोट लावायचं नाही.”

घरी येताच यशोदाबाईनं देवघर उचलून ओट्यावरच्या कोनाड्यात मांडलं. चूल आधीच अंगणात होती. तिच्यावर पाणी तापवून ती स्टीलच्या बाटल्यांत भरायची आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून हिलालच्या पायांशी ठेवायची. दोन सदरे, कानटोपी, पायमोजे, वर दोन गोधड्या. दुपारी खिडकीतलं ऊन सरकेल तशी खाट सरकवायची. पारा सहावर उतरला त्या आठवड्यातही हिलालचे तळवे गरम होते. पण तळव्यांना हात लावून बघतो कोण? लोकांना धूर दिसला तरच ऊब पटते.

“नवराले थंडीमा मारी टाकी हाई,” थोरली जाऊ मंजुळाबाई नळावर सगळ्यांना ऐकवायची. “जिनी देवले बाहेर काढं, तिले माणूसनं काय!”

या घरात एक रीत होती. जेठापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, बाईनं बोलायचं नाही. सांगायचंच झालं तर पदर पुढे ओढून नवऱ्याला सांगायचं, नवऱ्यानं ते भावाला. छत्तीस वर्षांत यशोदाबाईनं आपल्या जेठांना, पितांबर आबांना, एक शब्द थेट ऐकवला नव्हता. तिचं सगळं म्हणणं हिलालच्या तोंडून जायचं. आता त्या तोंडात दोन शब्दांपुरता श्वास उरला होता, तरी रीत तीच.

जानेवारीतल्या एका सकाळी वीज गेली. तिनं नळी सिलिंडरला जोडली, चावी फिरवली, आणि पाणी तापवायला अंगणात जाणार तोच आबा दारात. हातांत फडक्यानं धरलेलं घमेलं, त्यात कपाशीच्या काड्यांचे लालभडक निखारे. मागे मंजुळाबाई.

“हिल्या, भो, बठ्ठं घर गार पडेल शे. हाई ले, शेकी ले.”

आबांचे डोळे खरंच भरून आले होते. त्याचीच तिला जास्त चीड आली. माया उतू चालली होती, पण एका शब्दानं विचारावं, एवढी पत तिला या घरात कुणी दिली नव्हती. आबा घमेलं खाटेखाली सारायला वाकले.

पदर सवयीनं पुढे आला. “आबासले सांगा,” ती हिलालला म्हणाली, “आग बाहेर न्या म्हना.”

हिलालनं तोंड उघडलं. “भाऊ...” पुढे शब्दाऐवजी खोकला आला.

“काय म्हणस रे ती?” आबा वाकलेलेच.

“भाऊ... आ...”

रीत पाळायला एक माणूस गुदमरत होता, आणि ज्यांच्या मानासाठी ती पाळायची ते निखारे फुंकत होते. फुंकरीनं ठिणगी उडाली. गोधडीच्या काठापासून वीतभर अंतरावर विझली.

“आबा! घमेलं उचला!” यशोदाबाई ओरडली. “तुमना भाऊ जळी जाई!”

आबांनी घमेलं सोडून मंजुळाबाईकडे पाहिलं. मग तिनंच घमेलं ओढलं, बोटं भाजली तरी सोडलं नाही, आणि दाराबाहेर नेऊन अंगणात उपडं केलं.

“देवले काढं, आते जेठले बी काढ वं,” मंजुळाबाई किंचाळली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आबांच्या ओसरीवर भाऊबंद जमले. निवाडा सोपा होता. यशोदेनं जेठाच्या पाया पडायचं. नाही पडली तर हिलालला उचलून आबांच्या घरी आणायचं, रात्रंदिवस पेटलेल्या शेगडीजवळ. तिथे त्याला नीट ऊब मिळेल.

“पडसू पाया,” ती म्हणाली. आबांकडे बघूनच म्हणाली. “पन त्यासनी खाटजोडे आग नही येवाले पाहिजे. आबासनी बठ्ठासमोर कबूल करो.”

“काय वहिनी, आते थेट!” चुलत दीर हितेंद्र खिदळला. “उद्या आबासले उठाबशा काढाले लावशी!” सगळी ओसरी हसली. दोघांनी तर मांडीवर थापा मारल्या.

“पहिले पाया पड,” आबा म्हणाले. “मंग दखू.”

ती उठली. पाया पडणं अवघड नव्हतं, ‘मंग दखू’ गिळणं अवघड होतं. तरी दोन पावलं पुढे झाली. आबांनी पाय पुढे केले.

समोरची पिठाची गिरणी घरघरत मंदावली आणि बंद पडली. वीज गेली होती. ओसरीवर कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. हितेंद्रचं हसू अजून संपलं नव्हतं.

यशोदाबाईनं त्या पायांना वळसा घातला आणि ओसरी उतरून सिलिंडरची चावी फिरवायला घराकडे धावली.