दुसऱ्या नंबरचं बक्षीस

आंधळगावचे आमचे शेजारी गावच्या कबड्डी संघाचे कप्तान होते. बोलताना ते कधी बसत नसत; कमरेवर हात ठेवून कुणालाही "काहून?", म्हणजे 'का?', असं विचारत. तेव्हा बक्षिसाचे सगळे पैसे पहिल्या संघालाच मिळत. एका वर्षी अंतिम सामन्यात करडी गावच्या संघाला हरवल्यावर त्यांनी मंचावरच पाकीट फोडलं आणि निम्मे पैसे करडीच्या कप्तानाच्या हातात ठेवले.

"असा नियम नाही!" स्पर्धेचे अध्यक्ष ओरडले.

"काहून नाही? हे आलेच नसते, तं आमी कोनाले हरवलं असतं?"

टाळ्या वाजवाव्यात की नाही, आम्हाला कळेना. त्यांच्याच संघातले दोघे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी अध्यक्षांनी दुसऱ्या नंबरलाही बक्षीस जाहीर केलं. शेजारी गर्दीतून उठले.

"आन तिसऱ्याले?"