पाटीवरचा लीलंड

आमच्या गावाच्या वेशीवर पाटी आहे: 'राज्यविजेता क्वार्टरबॅक लीलंड कुबेना याचं गाव'. क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकी फुटबॉलमध्ये संघाचा डाव चालवणारा खेळाडू. ती पाटी दिसू नये म्हणून लीलंड उभा जन्म कापसाच्या गिरणीमागच्या कच्च्या रस्त्याने ये-जा करतो आहे. लोकांना वाटतं, माणूस साधा, मिरवणं आवडत नाही. माझ्या बेकरीत तो रोज जर्दाळूची कोलाची, म्हणजे मध्ये फळ भरलेला गोड पाव, खायला येतो आणि मला त्याच्या या साधेपणाचा रागच येतो. खरं काय ते मला ठाऊक आहे. दुकान रिकामं असताना एकदा त्यानेच सांगितलं होतं.

अंतिम सामन्याचा शेवटचा डाव. चेंडू रेघेपलीकडे नेला की जिंकलो, आणि ती रेघ हातभर अंतरावर. सेंटर होता डॉर्सी टिब्स. वाकून पायांमधून मागे चेंडू द्यायचा, हे त्याचं काम. त्याने तो दिला आणि लीलंडच्या हातून निसटला. वर माणसांचा ढीग पडला. ढिगाखाली डॉर्सीने चेंडू पकडला, रेघेपलीकडे ओढला आणि शेजारी हुंदके देणाऱ्या लीलंडच्या पोटाशी कोंबला. "धर. आईला तोंड दाखवायचंय ना?" पंचांनी माणसं उपसली तेव्हा चेंडू लीलंडच्या कुशीत होता. भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि तो काही बोलला नाही.

शुक्रवारी शाळेचा सामना झाला की शनिवारी सकाळी माझ्या टेबलांवर एकच वाद. सामना क्वार्टरबॅक जिंकतो की सगळा संघ?

"संघ कसला?" मिल्टन न्हावी म्हणायचा. "एक डोकं, बाकी दहा हमाल. विचारा की लीलंडला."

"संघच जिंकतो," लीलंड ताटलीत बघत म्हणायचा. "माझं त्यात काही नव्हतं."

"बघा. मोठी माणसं अशीच बोलतात."

खरं बोलावं तर लीलंड लोकांच्या नजरेत आणखी उंच चढायचा. त्याचे कान लाल व्हायचे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय? डॉर्सी कोपऱ्यात बसून, ट्रॅक्टर दुरुस्त करून काळ्या झालेल्या बोटांनी पाव मोडायचा आणि त्याला डोळा मारायचा. त्याने कधी चकार शब्द काढला नाही. तो डोळाच लीलंडला जास्त लागायचा.

आता डॉर्सीला काही आठवत नाही. त्याची मुलगी लोरेटा त्याला हाताला धरून आणते.

गेल्या शनिवारी मिल्टनने बातमी आणली, पाटी नव्याने रंगवणार. लीलंड उभा राहिला.

"माझं नाव खोडा. डॉर्सीचं घाला." आणि त्याने सगळं सांगितलं. निसटलेला चेंडू, ढीग, हुंदके, काही वगळलं नाही. आवाज चिरकत होता, पण थांबला नाही.

मिल्टन हसला. "पुरे रे तुझा विनय. डॉर्सी, ऐकलंस? काय म्हणतोय हा?"

सगळे डॉर्सीकडे वळले. लीलंड टेबलाची कड धरून उभा होता. इतकी वर्षं लपवलेल्या गोष्टीला एक 'हो' त्याला त्या एका तोंडून हवं होतं.

डॉर्सीने मिशीला लागलेला जर्दाळू पुसला. विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला.

"लीलंड कुबेना ना? मी त्याच्या पुढे खेळायचो. शेवटचा डाव त्यानेच मारला. पाटीवर लिहिलंय की."

मिल्टनने टाळी वाजवली. सगळी बेकरी हसली. माझी मात्र मान वर होईना.

डॉर्सी लीलंडकडे वाकून आपुलकीने म्हणाला, "तुम्ही बाहेरगावचे वाटतं? त्याला भेटून जा. भला माणूस आहे."

लीलंडने टोपी उचलली. "भेटतो," म्हणाला, आणि मागच्या दाराने गेला.