शालोमकाकाची दरफाळणी

आमच्या चुडाव्यात यहुदी म्हणून एकच माणूस, शालोमकाका झिराडकर. रेल्वेत पॉइंटमन होते. मूळचे अलिबागकडचे. बापजादे तिकडं तेलाचा घाणा चालवायचे आन् शनिवारी बंद ठेवायचे. चाळीस वर्षं झाली, पण गावाला अजून त्यांची जात विचारली तर सांगतात, "रेल्वेवाले."

मी कासाबाई, त्यांची शेजारीण. भिंतीला भिंत. पण त्यांच्या दरफाळणीच्या सणाचं मला काही ठाऊक नव्हतं, कारण त्या सणाला दरसाल काका-काकू ठाण्याला भावकीत जायचे. यंदा रिबकाकाकू देवाघरी गेलेल्या, काकाचे गुडघे कामातून गेलेले. काकानं ठरवलं, सण इथंच करायचा, काकूच्या नावानं, आन् पुरा करायचा.

आदल्या दिवशी ते काठी टेकत घरोघर हिंडले. "वर्षभरात चुकलं-माकलं असंल तर माफ करा." मला म्हणले, "कासाबाई, रिबकाच्या वतीनं बी माफ कर."

"अवं, कशाबद्दल?"

काका डोळे पुसत पुढल्या दारी गेले.

दुसऱ्या दिवशी बघते तर अंगात पांढरे कपडे, दार आतून बंद. मी गल्लीत बोंब मारली, "म्हातारा समाधी घ्यायलाय!"

काका खिडकीतून म्हणले, "दरफाळणी हाय, दार लावून उपास. चांदण्या दिसेस्तोवर. जा आता."

हात्तिच्या! उपासच ना? उपासाचं आमाला शिकवायलाय व्हय! मी साबुदाण्याची खिचडी नेली. न्हाई म्हणले. समोरच्या राजेश्रीनं भगर आणली. न्हाई. गजातून शेंगदाण्याचा लाडू आत सरकवला, तो बाहेर आला.

"उपासाला चालतंय की!"

"पाणीबी चालत न्हाई!"

असला कसला मेला उपास? दुपारी गल्लीतला लिंबाजी दार उचकटायला पहार घेऊन आला, तवा काका भडकले. "कासाबाई, मूर्ख बाई, हाकल त्याला! रिबकासाठी धरलाय उपास, पुरा करू दे!"

मी पहार हिसकावली आन् दारात बसले. कुणाला फिरकू दिलं न्हाई. रडू बी आलं, खोटं कशाला बोलू.

दिवेलागणीला घरी जाऊन रताळी उकडली, घाईत कुकरच उचलून आणला. आभाळात ढग. काका आतून म्हणले, तीन चांदण्या पाहिजेत. अख्खी गल्ली माना वर करून उभी. दोन सापडल्या. तिसरी म्हणून राजेश्रीच्या पोरानं, मल्हारनं, मोबाईल टॉवरचा दिवा दाखवला, त्याला शिव्या बसल्या. शेवटी ढग सरला, तिसरी दिसली आन् दार उघडलं.

"कासाबाई, तुला मूर्ख म्हणलो. माफ कर."

"आधी खा," मी म्हणलं.

काकाची नजर कुकरच्या झाकणावर गेली. त्यावर नाव कोरलेलं, रिबका शालोम झिराडकर. मेले मी! अकरा वर्षांपूर्वी उसना आणलेला, आन् काकूनं मागितला तवा देवाची शपथ घेऊन नाकबूल झालेली.

काकानं नावावरून बोट फिरवलं. "रिबका तुला कुकरचोर म्हणायची. मग दरसाल ह्या सणाला हळहळायची, कासाबाईची माफी मागायची राहिली म्हणून. ती काल मी मागितली."

"पण काका, ती खरं तेच म्हणत व्हती!"

"ठाऊक व्हतं तिला."

"मग आता मी कुणाची माफी मागू?"

काका रताळं सोलत व्हते. अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"आधी खा," म्हणले.