दोघींच्या वजनाची गाडी

माझी मोठी बहीण अकोल्याला एकटी राहते आणि मी अमरावतीला एकटी राहते. तिचे यजमान गेले, मुलगा परदेशात रमला. मी लग्नच केलं नाही. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली, म्हणजे सगळं आयुष्य माणसांच्या गलक्यात गेलं. कोणी कण्हतंय, कोणाचं सलाईन संपलंय, कोणाचे नातेवाईक भांडतायत. तेव्हा वाटायचं, कधी एकदा रिटायर होते आणि शांत बसते. झाले रिटायर. दुपारी जेवून ताट घासलं की घरात जी शांतता व्हायची, ती मला खायला उठायची. मी टीव्ही लावून स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, बाहेरच्या खोलीत कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून.

बहिणीनं माझ्याकडे राहायला यावं, एवढीच माझी इच्छा होती. मागची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली. खिडकीला जाळी लावली, कारण तिला डास चावले की ती दोन दिवस त्यावरच बोलते. दर फोनला मी विचारायचे आणि दर फोनला ती सांगायची, "तुह्या गाडीत बसलं का माही कंबर जाते. त्या सिमेंटच्या रस्त्यावर दर जोडाले हाडात दणका बसते. आधी गाडी सुधर, मंग येतो मी राहाले."

एसटीनं ती येणार नाही, रेल्वेचा जिना तिला चढवत नाही. राहिली गाडी. मी हट्टी आहे. म्हटलं, ठीक आहे बाई, गाडीच बदलते तुझ्यासाठी.

आमच्या भागात एक मिस्त्री आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी बोलणारा. त्यानं चारही शॉकअप आणि स्प्रिंगा बदलून नव्या, मऊ आणि जरा उंच बसवल्या. गाडी खड्ड्यातून अशी जायला लागली की खड्डा होता हे आरशात बघून कळावं. मी खूश. पण बडनेऱ्याच्या रस्त्याला लागले आणि स्टेअरिंगवरचा हात जरा सैल केला, तर गाडी निघाली डावीकडे, थेट रसवंतीच्या बाकड्यांवर.

परत गेले. तो म्हणाला, "ताई, स्प्रिंग नवी हाय, थोडी चालू द्या, बसन ती."

आठवडाभर चालवली. बसली नाही. मग तो म्हणाला, रस्त्यालाच डाव्या अंगाला उतार असतो, पाणी जायला.

"असतो ना," मी म्हटलं. "मग गावातल्या बाकीच्या गाड्या काय उजव्या अंगानं पोहत जातात का?"

तो हसला, पण गाडी घेतली. आधी चारही चाकांची हवा सारखी केली. मग पुढचे दोन टायर डावा-उजवा बदलून बघितले. दोष टायरचा असता तर गाडी आता उजवीकडे ओढली असती. ती डावीकडेच गेली. मग अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली. पडद्यावर बाकी सगळे आकडे हिरवे, पुढच्या डाव्या चाकाचा एकच लाल. चाक वरच्या बाजूनं जरा बाहेर झुकलं होतं. "हे फिरवाले या गाडीत काई देल्लंच नाई," तो म्हणाला. "इतकं चालते." मी म्हटलं, माझ्या वॉर्डात कोणी 'इतका ताप चालते' म्हणालं असतं, तर त्याला मी बाहेर काढलं असतं.

एक मात्र खरं सांगते. गाडी बिघडलेली होती तोवर मला जायला एक ठिकाण होतं. सकाळी आवरून, चांगली साडी नेसून मी गॅरेजला जायचे. तो मला प्लास्टिकची खुर्ची द्यायचा, बारा वाजता कटिंग चहा यायचा, आणि मी त्याच्याशी मनसोक्त भांडायचे. त्याच्या आईच्या शुगरच्या गोळ्यांवरून भांडायचे, त्याच्या तंबाखूवरून भांडायचे. घरी येईपर्यंत घसा दुखायचा, आणि किती बरं वाटायचं.

तशीच एकदा खुर्चीत बसून गाडीकडे बघत होते. चाकाच्या वर जी पोकळी असते, ती डावीकडे मोठी वाटली. उठून बोटं घालून बघितली. उजवीकडे तीन बोटं मावत होती, डावीकडे चार. त्याला हाक मारली. तो उकिडवा बसून खाली बघत राहिला, मग कपाळावर हात मारला.

झालं होतं असं, की चाकाला धरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या मुळाशी रबर असतं. त्याचा बोल्ट गाडी जमिनीवर उभी असताना आवळायचा असतो. उजवा त्यानं तसा आवळला. डावा आवळायच्या वेळी चहा आला, आणि पठ्ठ्यानं गाडी वर टांगलेली असतानाच तो आवळून टाकला. लोंबत्या चाकावरच रबर पकडलं गेलं. गुडघा वाकलेला असतानाच प्लास्टर घालावं तसं. आता गाडी खाली आली तरी ते रबर पिळलेलं राहून डावी बाजू वर ढकलत होतं.

"गलती माही हाय," तो म्हणाला. "आता सगळे सैल करून, गाडीत वजन ठेवून पुन्हा आवळतो. मऊ स्प्रिंगा हायेत, वजनानं फरक पडते. रोज कितीजण बसता तुमी?"

"दोघी," मी म्हटलं.

"कोन कोन?"

"मी आणि बहीण."

"मंग बहिणीले घेऊन या."

ती अकोल्याला आहे आणि गाडी नीट झाल्याशिवाय गाडीत बसणार नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं शेजारच्या गुरांच्या ढेपेच्या दुकानातल्या पोत्यांकडे बघितलं. मी तिथूनच बहिणीला फोन लावला आणि तिचं वजन विचारलं.

"काहून?" ती म्हणाली. "मले इकून राह्यली का?"

"सांग ना."

"बासष्ट. आन् कोनाले सांगू नोको."

मी सगळ्या गॅरेजसमोर मोठ्यांदा बासष्ट म्हटलं. ढेपेचं एक भरलं पोतं आणि वर एक पिशवी, असं बासष्ट किलो माझ्या बाजूच्या सीटवर आलं. मी स्टेअरिंगमागे बसले. त्यानं गाडी पुढून दोन-चारदा दाबली, सोडली, आणि खाली शिरून बोल्ट आवळले. मग मशीनवर घेतली. लाल आकडा हिरवा झाला.

ट्रायलला मी एकटीच निघाले, पोत्यासकट. पट्टा लावला नाही म्हणून गाडी सारखी टुंगटुंग वाजायला लागली, तेव्हा पोत्याला पट्टा लावला. मोठ्या रस्त्यावर हात सोडला. गाडी सरळ. एक मोटरसायकलवाला मध्येच घुसला, तर माझ्या तोंडून निघालं, "बघ, बघ कसा घुसला मेला." पोत्याला म्हटलं मी हे. मग लाज सोडून परत येईपर्यंत बोलतच राहिले. मागची खोली, जाळी, भाजीवाली किती वाजता येते, सगळं सांगितलं. गॅरेजशी उतरले तेव्हा मला फार हलकं वाटत होतं.

पोतं परत केलं आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. बहिणीनं गाडीला एक चक्कर मारली, सीट दाबून बघितली, मग कंबर धरून बसली. मी तिला बोरगाव मंजूपर्यंत नेऊन परत आणलं. मध्ये ऐट म्हणून स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले.

"हात ठेव वं," ती म्हणाली. "मराले नाई आली मी."

पण गाडी तसूभर हलली नाही, आणि ती एकदाही कण्हली नाही. तिच्या फाटकाशी थांबून मी विचारलं, "मग? बॅग भरायची का?"

ती उतरली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"गाडी झ्याक झाली," ती म्हणाली. "पन मले नाई जमनार. गाडीची गोष्टच नव्हती ती. तुले नाई म्हनवत नव्हतं, म्हून कंबर सांगे."

मला राग आला. मी म्हटलं, इथं तरी कोण आहे तुझं? रात्री पडलीस तर कोण बघणार?

"कोनी नाई," ती म्हणाली. "पन इथं ते गेले. त्या खोलीत गेले. आन् माहं जाऊ दे. तूच काहून नाई येत इकडं? माहीबी एक खोली रिकामी हाय."

माझी बाल्कनी, माझा दवाखाना रस्त्यापलीकडे, माझी सवय, असं काहीबाही मनात आलं आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि दार उघडून उतरली. आतून मुंगवड्यांचा डबा आणून तिनं सीटवर ठेवला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

येताना लक्षात आलं नव्हतं, पण परतीच्या रस्त्यावर गाडी डावीकडे जात होती. थोडीशीच, रिकाम्या सीटच्या बाजूला. मिस्त्रीनं सांगितलं होतं, एकट्या असाल तर इतकं होईल. मूर्तिजापूर येईपर्यंत मी ती हातानं धरून ठेवली. मग मनगट दुखायला लागलं, तेव्हा गाडी कडेला घेतली आणि रडले.

पुढच्या सोमवारी गॅरेजला गेले. तो ढेपेच्या दुकानाकडे बघून हसला. "काहून ताई, बहीण आल्या का?"

"नाही. येणार नाही. माझ्या एकटीच्या वजनावर लाव."

"बाजूले कोनीच नाई? कधीमधीबी?"

"नाही."

मी स्टेअरिंगमागे बसले, त्यानं गाडी दाबली, बोल्ट आवळले, मशीनवर घेतली. सगळं अर्ध्या तासात झालं. चहा यायच्या आतच. त्यानं हात पुसत पुसत स्वतः दार उघडून दिलं आणि म्हणाला, "आता एकदम बराबर. सहा महिने इकडं याचं कामच नाई तुमाले."

मोठ्या अभिमानानं सांगितलं त्यानं. मी बरं म्हटलं आणि घरी आले.