कढईतलं तेल आणि माझं उत्तर

सई, नील — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. परवा सईनं फोनवर विचारलं, "आजी, पाकिटावर अँटिऑक्सिडंट लिहिलंय, म्हणजे तळून उरलेलं तेल पुन्हा वापरता येईल ना?" मी "नको" म्हणाले आणि विषय बदलला. का बदलला? तेच लिहिते आहे.

चिकलठाण्याच्या तेल कारखान्यात मी केमिस्ट होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेल खवट होऊ नये म्हणून त्यात बीएचए नावाचं रसायन, म्हणजे पाकिटावरचं तेच अँटिऑक्सिडंट, घालत. ते पुरेसं आहे का, हे मी तपासायची. कँटीनचा स्वयंपाक कमलबाईंकडे होता. एका दिवाळीला सगळ्या कामगारांचा फराळ त्यांनीच तळला — शेव, चकल्या, सगळं एकाच तेलात, वरून थोडं ताजं घालत. मधेच मला हाक मारून म्हणाल्या, "ताई, लई काळं पडलंय. फेकू का?"

"राहू द्या. त्यात औषध आहे, खवट होत नाही."

"व्हय? मंग थोडं आमच्या मालकाला बी पाजा. लई खवट माणूस हाय!"

आम्ही दोघी हसलो.

मी तपासत असे ते नेहमी गार तेल — सीलबंद डब्यातलं. तापल्यावर त्या औषधाचं काय होतं, हे मी कधी पाहिलं होतं का? नाही. फराळाला लवकरच उग्र वास सुटला. कामगारांच्या लेकरांना उलट्या झाल्या. तेव्हा मी गुपचूप कढईतलं तेल तपासलं. बीएचए जवळजवळ उरलंच नव्हतं — काही तळणाच्या वाफेबरोबर उडालेलं, काही तेलाला वाचवता वाचवता स्वतःच मोडून गेलेलं.

साहेबांनी आम्हाला बोलावलं. कमलबाई म्हणाल्या, "ताईंनीच सांगितलं. इचारा त्यांना."

एक वाक्य पुरलं असतं — नाही? मी म्हणाले, अगदी शांतपणे म्हणाले, "मी डब्यातल्या तेलाबद्दल बोलले होते."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पदर सारखा केला आणि गेल्या. काम सुटलं. पुढं त्यांनी करमाडला भज्यांचा गाडा लावला, तर आमचेच कामगार बसमधून ओरडायचे, "बाईचं तेल बघून खा रे!" मी त्याच बसमध्ये होते. मी खिडकी लावून घेतली.

माझी नोकरी जाणार होती का? नाही. मला फक्त चुकलेली दिसायचं नव्हतं.

कारखाना आता नाही. कमलबाईही गेल्या. माझं चांगलं नाव तेवढं अजून शाबूत आहे.