चष्म्याशिवाय वाचणारा

माझा भाऊ व्हर्जिल भिंतीवर लावलेलं काहीही वाचत उभा राहतो आणि मला त्याचा भयंकर संताप येतो.

कोळशाच्या खाणीत जन्म घालवून त्याची फुफ्फुसं कामातून गेलीत. आमच्या डोंगरात घरटी असा एक आहे. पण व्हर्जिलला दम लागलेला कुणी पाहिलेला नाही. खाणीच्या पायऱ्यांवर मुकादम हॉब्ज टपून असायचा, छाती धरून कोण थांबतोय बघत. जो थांबला त्याचं काम गेलं. म्हणून हे सगळे शहाणे थांबायचे ते नोटीस वाचायचं सोंग करून. हॉब्ज मेला, खाण बंद पडली, पण जित्याची खोड जाते कुठे!

घरातलं प्राणवायूचं मशीन भिंतीला जोडलेलं. व्हर्जिलला जायचं होतं चर्चला. तिथे भजनाची ओळ आधी तो सांगतो, मग बाकीचे उचलतात. त्यासाठी खांद्याला अडकवायची टाकी हवी, आणि ती हवी तर दवाखान्यात सहा मिनिटं चालून दाखवायचं. चालताना रक्तातला प्राणवायू खाली गेला तरच विमावाले टाकी देतात.

दवाखान्यातल्या केल्सी नावाच्या पोरीनं त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. "काका, जमेल तेवढं भरभर चाला. वाटलं तर थांबा."

थांबा म्हटल्यावर काय! हात धुण्याची नोटीस झाली. आग लागली तर कुठून पळायचं तो नकाशा झाला. प्रत्येकापुढे गडी हात मागे बांधून उभा. आकडा उतरलाच नाही. टाकी नामंजूर.

गाडीत मी त्याला सोलून काढलं. "काय लिहिलं होतं रे त्या नोटिशीत?"

"हात धुवा."

"चष्मा तर घरी फ्रिजवर आहे."

"तू गाडी चालव."

"हॉब्ज मेलाय, व्हर्जिल. तूच खांदा दिलास त्याला."

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. "त्या एवढ्याशा पोरीसमोर धापा टाकू?"

"टाक. त्यासाठीच नेलं होतं तुला."

दुसऱ्या खेपेला तो कुठेच थांबला नाही. ओठ निळे पडले, केल्सी खुर्ची घेऊन धावली. टाकी मंजूर झाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस पडायला आल्याशिवाय या लोकांना त्याचा दम खरा वाटत नाही.

रविवारी टाकी खांद्याला लावून तो चर्चच्या पायऱ्या चढला. दाराशी फलकापुढे क्लेल आणि आणखी दोघे जुने खाणवाले उभे होते, गेल्या उन्हाळ्यातल्या जेवणाची नोटीस वाचत. व्हर्जिलही जाऊन त्यांच्यात उभा राहिला. मी बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यानं फलकाकडे पाठ केली.

"दम लागलाय मला," तो म्हणाला.

मग क्लेल कठडा धरून हळूच पायरीवर बसला.