कंपाउंडरमामांचा खिशातला गोठा

कंपाउंडरमामा यंत्र सुरू करण्याआधी एकदा खाकरत. गोठ्यात शिरतानाही ते तसेच खाकरायचे. जनावर बेसावध असतं, अचानक माणूस दिसला की बिचकतं, म्हणून आधी आवाज द्यावा, हा त्यांचा तीस वर्षांच्या नोकरीतला नियम. तळहाताएवढ्या खेळाच्या यंत्रात राहणाऱ्या जनावरांना तो लागू नसेल, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

दोन हजार सालानंतर लगेचच भोकरदन तालुक्यातल्या एका गावी, जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली. मामा तिथे जखमा बांधायचे, औषधं पाजायचे. कागदावर त्यांचं पद व्रणोपचारक होतं, पण गाव त्यांना कंपाउंडरमामाच म्हणे. मी चोवीस वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट. लोक बैल घेऊन दारात येत, माझ्या डोक्यावरून आत बघत आणि विचारत, "डॉक्टर कुठं गेले?" मीच डॉक्टर म्हटलं की "मंग उद्या येतो" म्हणून बैल वळवत. त्यांची कामं मामा संध्याकाळी घरोघर जाऊन करून येत. चार महिन्यांत मी राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

त्याच खणात ते यंत्र होतं. परभणीला शिकताना एका मैत्रिणीच्या भावानं परदेशातून आणून दिलेलं. खेळ असा, की गवतातून चालताना चित्रविचित्र जनावरं भेटतात. त्यांना आपल्या जनावराशी झुंजवून अर्धमेलं करायचं, मग त्यांच्यावर चेंडू फेकून त्यात कोंडायचं. असा संग्रह वाढवत, एकेका गावच्या उस्तादाला हरवत पुढे जायचं. दवाखाना रिकामाच असे, त्यामुळे माझी प्रगती चांगली होती.

एकदा मामा माझ्या मागे उभे राहून बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मॅडम, ह्याचा मागचा पाय लंगडून राह्यला."

"चित्रच तसं आहे, मामा."

"काढणाऱ्यानं बघूनच काढलं असंल ना?"

मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. ते पुन्हा माझ्याकडे म्हणावं तसं आलंच नाही.

खेळातली मारहाण त्यांना बिलकुल पटली नाही. "आधी बडवायचं आन मंग म्हणायचं, चल आमच्या घरी. कोण येईल?" ते धडधाकट जनावरावरच चेंडू टाकत. धडधाकट जनावर सहसा चेंडूत राहत नाही, फोडून पळून जातं. मामा शांतपणे दुसरा टाकत. एका पाखरासाठी त्यांनी सबंध दिवाळी घालवली. ते एकदाचं आत राहिलं तेव्हा म्हणाले, "राजीखुशीनं आलं." झुंजीची वेळ आली तर ते आपल्या जनावराला फक्त गुरगुरायला लावत. समोरचा मारतोय आणि आपला गुरगुरतोय. शेवटी व्हायचं तेच व्हायचं, आणि पडद्यावर एक इंग्रजी शब्द यायचा. त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला होता. "बेशुद्ध पडला," असं मी सांगितलं. सगळी बेशुद्ध पडली की खेळ आपोआप तुम्हाला जवळच्या दवाखान्यात नेऊन सोडतो. ते त्यांना फार आवडलं. "हरलेल्याला स्वतःहून दवाखान्यात नेतंय. आपल्याकडं हरलेल्याला कोन नेतं?" अशा रीतीनं ते पहिल्या दोन गावांच्या पुढे कधीच गेले नाहीत. त्यांना जायचंही नव्हतं.

सेल मात्र फार लागत. उतरलेले सेल ते दवाखान्याच्या कट्ट्यावर उन्हात ओळीनं मांडून ठेवत आणि मधूनमधून त्यांची कूस बदलत.

पकडलेल्या जनावराला नाव देता येतं. इंग्रजी अक्षरं मामांना औषधांच्या बाटल्यांवरून येत होती. त्यांनी गावातल्या गुरांचीच नावं द्यायचं ठरवलं. पण गावात म्हशीला म्हशीचं नाव कुठे असतं? ती अमक्याची म्हैस असते. 'किसनरावची म्हैस' एवढं त्या यंत्रात मावेना. म्हणून मामांनी नुसतं किसनराव ठेवलं. असं करत गावातले बरेच कर्ते पुरुष त्या यंत्रात गेले.

पुढे जे घडलं ते यामुळेच. एका दुपारी मी आत औषधांची कपाटं लावत होते. मामा बाहेर कट्ट्यावर बसून खेळत होते. त्यांनी मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "मॅडम, किसनराव बेशुद्ध पडले."

रस्त्यानं किसनरावांची सून चालली होती. तिनं डोक्यावरची पाटी तिथेच टाकली आणि घराकडे पळाली. पाच-दहा मिनिटांत सगळं घर दवाखान्यासमोर आलं. बाया रडत होत्या. थोरल्या मुलानं बाज आणली होती. तिचं पुढचं टोक खुद्द किसनरावांनी धरलं होतं. कुणीतरी पडलंय एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं.

"कोन पडलं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"तुम्ही," मामा म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे तुम्ही न्हाई. तुमची म्हैस."

बाज तिथेच टाकून सगळे उलटे पळाले. मी मामांकडे बघितलं. त्यांनी यंत्र खिशात घातलं आणि म्हणाले, "आता जावंच लागंल. लोकं वाट बघतील." काय सांगून माफी मागायची याचा विचार करत मी पेटी उचलली आणि त्यांच्यामागे निघाले.

आम्ही पोचलो तर म्हैस खरोखरच आडवी व्हायच्या बेतात होती. दुपारची सगळ्यांची नजर चुकवून ती केव्हाच दावं तोडून ओल्या लसूणघासात शिरली होती आणि पोटभर चरली होती. तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती, जीभ बाहेर आली होती. अशा वेळी कुशीत नळी घुसवून आतला वायू मोकळा करावा लागतो, आणि तोही ताबडतोब. मी ते पुस्तकात वाचलं होतं, एकदा बघितलं होतं. केलं कधीच नव्हतं. मी पेटी उघडून नळी काढली. किसनराव मामांना म्हणाले, "तुमीच करा."

मामा खाकरले, म्हशीच्या तोंडाशी गेले आणि तिचं डोकं काखेत धरलं. "मी डोकं धरून राह्यलो," ते म्हणाले. "डॉक्टर त्या हायेत." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "हाडाच्या खाली चार बोटं, मॅडम. तुमाला ठावं हाय."

मी नळी मारली. सुस्स करून वायू सुटला आणि त्या वासानं निम्मं अंगण रिकामं झालं. तासाभरानं म्हैस रवंथ करायला लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर रांग होती. ती सगळी माझ्या हुशारीमुळे होती असं मला म्हणता येणार नाही. कंपाउंडरमामांच्या मशीनमध्ये गावची जनावरं दिसतात आणि दुखणं आधी कळतं, अशी बातमी पार भोकरदनच्या बाजारापर्यंत गेली होती. लोक विचारत, "आमचा बैल कसा हाय त्यात?" मामा बघून खरं तेच सांगत, "सध्या गवतात फिरून राह्यला." मी त्यांना म्हटलं, "मामा, ही लोकांची फसवणूक आहे." त्यांनाही ते पटलं असावं, कारण त्या दिवसापासून त्यांनी नियम केला की लाळ्या-खुरकुताची लस टोचल्याशिवाय कुठल्याही जनावराचं नाव मशीनमध्ये घालायचं नाही. त्या वर्षी आमच्या गावात टोचायचं एकही जनावर शिल्लक राहिलं नाही.

खणातला राजीनामा मी फाडायला गेले तर तो सापडेना. मामांनी त्यात जंताच्या औषधाच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. "एका बाजूनं कोरा होता," म्हणाले.

तीन वर्षांनी माझी बदली परतूर तालुक्यात आष्टीला झाली. निघताना मी यंत्र मागितलं नाही आणि त्यांनीही देऊ केलं नाही. गाडीत बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "हितली काळजी करू नका. सगळी खाऊनपिऊन हायेत."

त्यानंतर वर्षभरानं आष्टीच्या दवाखान्यात त्यांचा फोन आला. एसटीडी बूथवरून बोलत होते.

"मॅडम, परवा डोळ्याचं ऑपरेशन हाय. मोतीबिंदू. जालन्याला."

"घाबरू नका मामा, अर्ध्या तासाचं काम असतं."

"घाबरलो न्हाई. पर मागं कोन बघणार? म्हून सगळी सोडून देऊन राह्यलो सकाळपसून. मशीन इचारतं, खरंच सोडायचं का. हो म्हटलं की जातंय बिचारं."

मग म्हणाले, "आता एकच राह्यलं. ते गोगलगाईवानी हाय ना, ते. दोन वर्सात काडीचं काम केलं न्हाई त्यानं. त्याला तीनदा सोडलं, पर ते जाऊनच न्हाई राह्यलं. मशीन कायतरी इंग्रजीत लिहितंय." आणि त्यांनी मला एकेक अक्षर वाचून दाखवायला सुरुवात केली.

चार-पाच अक्षरांतच मला कळलं. तो खेळाचा साधा नियम आहे. खेळणाऱ्याजवळ एक तरी जनावर असावंच लागतं, शेवटचं सोडता येत नाही. तरी मी त्यांना सगळं वाचू दिलं.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणतंय, मला जायचं नाही."

पलीकडे बूथवाल्यानं बिलाचं काहीतरी सांगितलेलं ऐकू आलं.

"अवघड करून ठेवलं यानं," मामा म्हणाले. "आता जल्दी वापस यावं लागंल."